साक्षीच्या पानाखाली ऐकणाऱ्या माणसाचं नाव असू द्या

मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या न्यायालयांच्या संगणकीकरणाचं काम पाहणारे माननीय न्यायमूर्ती, आणि नागपुरात वकिली करणारे सर्व बंधुभगिनी यांस,

सविनय नमस्कार.

साक्षी लिहून घेण्याचं काम यंत्रावर सोपवायचं, ही गोष्ट आता दूरची राहिलेली नाही. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयात आपल्याच महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाची सुनावणी सुरू असताना बोललेला शब्द न् शब्द पडद्यावर आपोआप उमटत होता. केरळ उच्च न्यायालयानं १ नोव्हेंबर २०२५ पासून तिथल्या खालच्या कोर्टांत साक्षी यंत्राच्या मदतीनं नोंदवणं सक्तीचं केलं. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या योजनेच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्रानं ७,२१० कोटी रुपये मंजूर केले आहेत, त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता, ब्लॉकचेन अशा नव्या तंत्रज्ञानासाठी ५३.५७ कोटी राखून ठेवले आहेत. आज ना उद्या हे यंत्र सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या न्यायमंदिरात येईल, आणि तिथून काटोल, उमरेड, रामटेकच्या कोर्टांत.

ते यावं. कामं तुंबलेली आहेत, लोक वर्षानुवर्षं पेशीवर पेशी करत आहेत, त्यात काही दिवस वाचणार असतील तर कुणाला नको आहे? माझी मागणी एवढीच आहे, की यंत्रानं लिहिलेल्या प्रत्येक साक्षीखाली एका माणसाचं नाव आणि सही असावी. त्यानं त्या खोलीत बसून ती साक्ष कानांनी ऐकलेली आणि डोळ्यांनी पाहिलेली असावी, आणि चुकतंय असं वाटलं तर तिथल्या तिथे काम थांबवून विचारण्याचा त्याला नियमानं अधिकार असावा.

मी वकील नाही. बँकेत नोकरी करते. माझे वडील १९७५ ते २०११ विदर्भातल्या कोर्टांत स्टेनो होते, त्यातली बहुतेक वर्षं नागपुरात, सत्र न्यायाधीशांकडे. त्यांच्या नोकरीवर आमचं घर चाललं, इतकंच म्हणून भागणार नाही. आमचं घर त्या नोकरीच्या आतच होतं. जेवायची वेळ साहेबांच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीवर, ठरायची. ताईचं लग्न मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात काढावं लागलं, कारण उन्हाळी सुट्टीशिवाय सलग रजा मिळणं कठीण होतं. पाहुणे पंचेचाळीस अंशांत घामाघूम होऊन आले आणि कुरकुरत गेले, पण आईनं कुणाला कारण सांगितलं नाही.

कोर्टाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. सिनेमात दिसणाऱ्या परदेशी कोर्टात एक जण बसून प्रत्येक शब्द जसाच्या तसा टिपत असतो. आपल्याकडे रीत वेगळी आहे. साक्षीदार बोलतो, वकील प्रश्न विचारतात, न्यायाधीश ते ऐकून सलग निवेदनाच्या रूपात डिक्टेट करतात आणि स्टेनो ते लिहून घेतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६ मध्ये हे होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३११ मध्ये आहे. निकाल आणि मोठे आदेश बाबा शॉर्टहँडमध्ये, म्हणजे रेघांच्या वेगवान लिपीत, घ्यायचे. साक्ष मात्र थेट टाइपरायटरवर, तीन कार्बन घालून. एक अक्षर चुकलं तर चारही प्रतींत खोडायचं आणि साहेबांची छोटी सही घ्यायची. त्यामुळे चुकायचं नाही.

शॉर्टहँड ते महालातल्या एका क्लासमध्ये शिकले. शिकवणारे गृहस्थ जुन्या नागपूर हायकोर्टातले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, मध्य प्रदेशचं हायकोर्ट जबलपूरला गेलं, इथे मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ झालं, तेव्हा सोबतचे काही जण जबलपूरला गेले आणि हे मात्र नागपुरातच राहिले. पिटमन ही शॉर्टहँडची एक पद्धत, तिच्यात 'प' आणि 'ब' यांची रेघ एकच असते, 'ब'ची जरा दाबून काढायची. 'ट' आणि 'ड' तसंच, 'क' आणि 'ग' तसंच. स्वर तर वेग वाढला की गाळलेच जातात, रेघ ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळीला छेदून गेली आहे, यावरून ते ओळखायचे. म्हणजे मनगटाचा दाब कमी-जास्त झाला की शब्द बदलला. बाबांच्या खिशात दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली असायच्या. टोक मोडलं तर पेन्सिल उलटी करायची, तासत बसायला साहेब थांबत नाहीत.

परीक्षा पास झाली म्हणजे वेग टिकतो असं नाही. तो रोज राखावा लागतो. आमच्या घरी तो आम्ही राखला. रात्रीची जेवणं झाली की आई 'तरुण भारत'चा अग्रलेख वाचायची आणि बाबा लिहायचे. इंग्रजीसाठी 'हितवाद' असायचा, तो वाचायचं काम आधी ताईकडे होतं आणि ती कॉलेजात गेल्यावर माझ्याकडे आलं. बाबा दुपारच्या सुट्टीतच मजकुरात दर पंचवीस शब्दांनंतर पेन्सिलीनं तिरकी खूण करून ठेवायचे. मिनिटाला शंभर शब्दांचा वेग हवा, तर एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत पंधरा सेकंदांत पोचायचं. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे एक डोळा ठेवून मी वाचायचे. अर्थ कळण्याची अट नव्हती, अडखळायचं मात्र नाही. माझं इंग्रजी त्यातून झालं. आई सातवीपर्यंत शिकलेली, पण तिच्या वाचनात जी लय होती ती मी पुढे भल्याभल्या निवेदकांत ऐकली नाही.

एका वहीत बाबांनी डॉक्टरांच्या साक्षीत येणारे शब्द लिहून ठेवले होते. कंट्यूजन, अब्रेजन, लॅसरेशन, हायॉइड, रायगर मॉर्टिस. त्या शब्दांच्या आकृत्या हातात बसाव्यात म्हणून ते मला ही यादी पुन्हा पुन्हा वाचायला लावायचे. मी तेव्हा पाचवी-सहावीत असेन. पाढे म्हणावेत तशी मी ती यादी म्हणायचे. त्या शब्दांचा अर्थ कळण्याचं वय झालं तेव्हा बाबा रोज संध्याकाळी काय घेऊन घरी येत होते हेही कळलं.

बाबा घरी खटल्याबद्दल कधी बोलले नाहीत. नाव नाही, गाव नाही, निकाल काय लागला तेही नाही. शेजारचे विचारायचे, पेपरात आलेल्या गाजलेल्या खटल्याबद्दल तर फारच. बाबा म्हणायचे, "पेपरात आलंय ना, वाचा." लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत साक्ष बंद दाराआड होते. सगळे बाहेर जातात, वार्ताहर जातात, बाकावर बसलेले नातेवाईक जातात, दुसऱ्या खटल्यांचे वकीलही जातात. स्टेनो जात नाही. त्या मुलीच्या तोंडचं प्रत्येक वाक्य त्याच्या बोटांतून कागदावर उतरायचं असतं, आणि उलटतपासणीतले ते प्रश्नही. अशा दिवशी बाबा घरी आले की चहा नको म्हणायचे. एवढ्यावरून आई ओळखायची. "आज बाबांच्या मागे लागू नका गं पोरींनो," एवढंच ती म्हणायची आणि आम्ही मागच्या खोलीत अभ्यासाला बसायचो. न्यायाधीशांसाठी, पोलिसांसाठी, डॉक्टरांसाठी कधीतरी ताणतणावाची शिबिरं होतात. स्टेनोच्या मनावर काय साचत असेल हे विचारलेलं मी तरी बाबांच्या सगळ्या नोकरीत ऐकलं नाही. हे लिहिताना मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी माझा मुलगा लॉला गेला आणि त्यानं आजोबांना खोदून खोदून विचारायला सुरुवात केली. तेव्हा बाबा कामाच्या पद्धतीबद्दल बोलायला लागले, नाव-गाव अजूनही नाही. त्यातली एक हकिकत इथे सांगते, कारण हे पत्र लिहिण्याचं खरं कारण ती आहे.

खुनाचा खटला होता. खेड्यातला साक्षीदार पिंजऱ्यात उभा होता. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपीच्या हातात काय होतं? तो म्हणाला, "चाकू होता साहेब, एवढा," आणि दोन्ही हात समोर धरून दाखवलं. न्यायाधीश त्या क्षणी खाली मान घालून स्वतःची टिपणं लिहीत होते. त्यांनी डिक्टेट केलं, "आरोपीच्या हातात चाकू होता." बाबांनी ते वाक्य टाइप केलंच नाही. बोटं कळांवर ठेवून नुसते बसून राहिले. कोर्टात टाइपरायटरचा आवाज सतत चालू असतो, त्यामुळे तो बंद पडला की सगळ्यांनाच जाणवतं. साहेबांनी वर पाहिलं. साक्षीदाराचे हात अजून हवेत तसेच होते. मग साहेबांनी साक्षीदाराला हात तसेच ठेवायला सांगितले, दोन्ही बाजूंच्या वकिलांना विचारलं आणि डिक्टेट केलं, "साक्षीदार दोन्ही हातांनी सुमारे एक वीत लांबी दाखवतो." जप्त केलेला मुद्देमाल त्या लांबीशी जुळतो की नाही, यावर पुढे युक्तिवाद झाला. निकाल काय लागला हे बाबांनी माझ्या मुलाला सांगितलं नाही. ते म्हणाले, "ते माझं काम नव्हतं. लांबी कागदावर येणं माझं काम होतं."

"एवढा" हा शब्द कोणतंही यंत्र अचूक लिहील. मान हलवणं, बोट दाखवणं, प्रश्न ऐकून मागे बसलेल्या माणसाकडे बघणं, आणि उत्तराआधीची ती लांबलेली शांतता, यातलं काय कागदावर यायला हवं हे खोलीतल्या माणसालाच कळतं. साक्षीदाराच्या वागण्याबोलण्याबद्दल शेरा नोंदवायची तरतूद कायद्यात आहे, जुन्या संहितेत कलम २८०, नव्या संहितेत कलम ३१५. तो शेरा न्यायाधीशांनीच लिहायचा असतो, हे खरं. पण न्यायाधीशांना एकाच वेळी प्रश्न योग्य आहे का ते बघायचं असतं, हरकतीवर निर्णय द्यायचा असतो, मागचा कागद शोधायचा असतो. शेजारी आणखी दोन डोळे असतात म्हणून काम निभतं.

दुसरी गोष्ट बोलीची. न्यायाधीशांची दर काही वर्षांनी बदली होते. कोकणातले साहेब नागपुरात येतात, मराठवाड्यातले गोंदियाला जातात. स्टेनो तिथलाच असतो. "त्यानं माह्या धुऱ्यावरची काडी तोडली," "मी जागलीले गेलो होतो," "मले बंडीच्या उभारीनं मारलं." विदर्भातल्या पुष्कळ दिवाणी दाव्यांत आणि मारामारीच्या कितीतरी खटल्यांत असली वाक्यं असतात. धुरा म्हणजे शेताचा बांध, जागली म्हणजे रात्रीची राखण, आणि उभारी म्हणजे बंडीच्या कडेचा तो जाड खुंटा, ज्यानं डोकं फुटतं. बाहेरून आलेल्या साहेबांना हे शब्द बाबांनीच सांगितले. खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, पण ती मराठी कुणाची, हा प्रश्न रोज सकाळी अकरा वाजता पिंजऱ्यात उभा राहतो. यंत्राला हे शब्द शिकवता येतील, ते शिकेलही. न शिकलेला शब्द ज्या दिवशी कानावर पडेल, त्या दिवशी ते बाबांसारखं थांबेल का? की जवळचा कुठला तरी शब्द बसवून पुढे जाईल? सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठ वकील ध्वनिक्षेपकासमोर स्वच्छ इंग्रजी बोलतात. पारशिवनीची म्हातारी पदर तोंडाला लावून, रडत, अर्धं वाक्य गिळत बोलते. यंत्राची परीक्षा तिच्या साक्षीवर घ्या, दिल्लीतल्या युक्तिवादावर नको.

मला सांगितलं जाईल की साक्ष झाल्यावर ती वाचून दाखवलीच जाते, चूक असली तर साक्षीदार दुरुस्त करील. जुनं कलम २७८, नवं ३१३. कायद्यात आहे, आणि फार मोलाचं आहे. पण संध्याकाळी पावणेसहाला, शेवटची बस गाठायची असलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा कोर्ट पाहणाऱ्या माणसासमोर ते कसं वाचलं जातं हे इथल्या प्रत्येक वकिलानं पाहिलेलं आहे. वकीलबंधूंनो, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. पडद्यावर भराभर सरकणाऱ्या ओळी वाचून सही करणं त्याला आणखी अवघड जाईल. शेजारी बसून "हे तू असंच म्हणालास का रे भाऊ?" असं विचारणारा माणूस तिथे लागेलच.

नावाचं म्हणाल, तर त्याची सवय आपल्या कोर्टांना आधीच आहे. आज महाराष्ट्रातल्या जिल्हा न्यायालयांचे निकाल संकेतस्थळावर चढतात, त्यांच्या शेवटी स्टेनोचं नाव असतं, आणि ही प्रत मूळ निकालाशी शब्दशः जुळते असा त्याचा दाखला असतो. बाबांच्या काळात कोपऱ्यात दोन आद्याक्षरं असली तर असायची. पहिल्यांदा असा दाखला संगणकावर पाहिला तेव्हा बाबांनी तो दोनदा वाचला आणि आईला बोलावून दाखवला. निकालाला जे लागू आहे ते साक्षीलाही लागू करा, एवढंच मी मागते आहे. निकाल तर अपिलात तपासला जातो. साक्ष मात्र जशी लिहिली गेली तशीच वरच्या कोर्टात जाते, खंडपीठात आणि तिथून दिल्लीत. तिथले न्यायमूर्ती त्या साक्षीदाराला कधीच पाहत नाहीत. त्यांच्यासमोर येतो तो फक्त कागद.

यंत्र आलं की स्टेनोची पदं कमी करायची, असा हिशेब कुणाच्या मनात असेल तर तो आत्ताच बाजूला ठेवावा ही विनंती. वेग यंत्राकडे द्या, माणसाला लिहिण्यातून मोकळं करा आणि ऐकायला, बघायला, तपासायला बसवा. त्याच्या प्रशिक्षणात त्या त्या भागाची बोली असू द्या. बंद दाराआडच्या साक्षी घेणाऱ्यांसाठी मन मोकळं करायची काही सोय असू द्या. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांच्या जुन्या पेन्शन योजनेचा प्रश्न वेगळा आहे, तो मांडणाऱ्या संघटना आहेत, त्यात मी जात नाही.

बाबा आता बहात्तरीच्या पुढे आहेत. उजव्या हाताची दोन बोटं सकाळी आखडलेली असतात, गरम पाण्यात धरली की सुटतात. मान वळवायला त्रास होतो. डॉक्टर म्हणाले, एका बाजूला मान वळवून वर्षानुवर्षं टाइप केल्याचा परिणाम. मानेवाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत ते अजून रोज पेपर वाचतात, आणि टीव्हीवर कुणी भाषण करायला लागलं की त्यांची उजवी तर्जनी मांडीवर हलते. आई म्हणते, "लिहिताहेत."

या पत्राचा मसुदा मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि एक गोष्ट घालायला सांगितली, ती अशी. त्यांच्याबरोबरचे पाच-सहा निवृत्त स्टेनो नागपुरात आहेत, एक भंडाऱ्याला आहेत. त्यांचे कान अजून शाबूत आहेत. नागपूर जिल्ह्यात यंत्राची चाचणी घ्यायची ठरली, तर हे सगळे कोणताही मोबदला न घेता येऊन बसायला तयार आहेत. वऱ्हाडी, झाडीबोली, हिंदीमिश्रित नागपुरी, गोंडी वळणाची मराठी, ज्या साक्षीदारांच्या बोलीवर चाचणी घ्याल त्यांची वाक्यं ऐकून यंत्राचा मजकूर तपासून देतील आणि कुठे काय सुटलं त्याची यादी करतील. गुरुवार सोडून कोणताही दिवस चालेल, गुरुवारी बाबांची फिजिओथेरपी असते. या सगळ्यांची नावं आणि फोन नंबर मी वेगळ्या बंद पाकिटात प्रबंधकांकडे देत आहे.

आपली विश्वासू,
एका निवृत्त स्टेनोची धाकटी मुलगी
नागपूर